तक्रार त्यांची, निकालही त्यांचाच : कबड्डी लीगच्या शिस्तपालन समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि शिस्तपालन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आमच्या एका चढाईपटूवर तुम्ही त्याचं म्हणणं न ऐकता २ वर्षांची बंदी घातलीत, त्याबद्दलचं हे पत्र मी तुम्हाला आधी बंद पाकिटात दिलं होतं. १७ दिवस वाट पाहिली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. आता पुढच्या हंगामाच्या लिलावाची तारीख जाहीर झालीय, खेळाडूंची यादी बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत, म्हणून तेच म्हणणं चारचौघांत मांडतोय. मनात राग नाही असं खोटं लिहिणार नाही. पण लीग बंद पडावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. मातीत खेळणारी आमची पोरं मॅटवर, दिव्यांच्या उजेडात खेळली, रात्री अकरा वाजता बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन सामना बघायला थांबल्या, हे मराठवाड्यात तुमच्यामुळे घडलं. ते मी कधी विसरणार नाही.

मी २८ वर्षं क्रीडाशिक्षक होतो आणि त्याहून जास्त वर्षं कबड्डीचा पंच आहे. तुमच्या समितीतल्या दोघांना मी शाळेत चढाई शिकवली. उपांत्य फेरीच्या ज्या सामन्यावरून हे सगळं झालं, त्या सामन्याला मी गुणलेखक होतो. मध्यरेषेच्या समोर माझं टेबल होतं. तरीही त्या रात्रीबद्दल मला आजपर्यंत एका माणसाने एक शब्द विचारलेला नाही. या पत्राचं मूळ तिथे आहे.

काय झालं ते सांगतो. ३१-३० असा गुणफलक होता आणि दीड मिनिट उरलं होतं. आमच्या पोराची चढाई 'करा किंवा मरा' होती, म्हणजे गुण आणला नाही तर चढाई करणाराच बाद. तो बोनस रेषेपर्यंत गेला, वळला, आणि उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने त्याची मांडी धरली. दोघं आडवे झाले, वरून आणखी दोन अंगं पडली. पोराचा हात मध्यरेषेकडे ताणलेला. सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, शिट्टी मारली आणि तो बाद दिला. पोराचं म्हणणं, बोटं रेषेला लागली होती. मला विचाराल तर लागली नव्हती, वीतभर अंतर होतं. निर्णय बरोबर होता.

पोरगा उठला तो हातवारे करतच. सरपंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर जायला सांगितलं. त्याने खांदा झटकला. सरपंच एक पाऊल मागे सरकले आणि मॅटच्या दोन तुकड्यांच्या जोडावर त्यांची टाच अडकली. तिथे मॅट उचललं गेलं होतं. मध्यंतरात मी स्वतः संयोजकांना ते दाखवलं होतं, त्यांनी चिकटपट्टी मागवली होती, ती आलीच नाही. सरपंच बसकण मारून पडले. प्रेक्षकांत गलका झाला. दुसऱ्या पंचांनी लाल कार्ड दाखवायला सांगितलं, सरपंचांनी ते दाखवलं, पोरगा मान खाली घालून गेला. सामना ३३-३० ने संपला.

लाल कार्ड योग्यच होतं. मी सरपंच असतो तरी तेच केलं असतं. पंचाच्या अंगाला हात लावणं तर सोडाच, त्याचा हात झटकणंही खपवून घ्यायचं नसतं, हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी संघमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या लेटरहेडचा फोटो आला. नऊ ओळी. 'सरपंचांना धक्काबुक्की केल्याबद्दल तसेच लीगच्या परवानगीविना अनधिकृत स्पर्धेत भाग घेतल्याबद्दल' २ वर्षांची बंदी, मानधनाचा उरलेला हप्ता जप्त. त्या ग्रुपवर पोरगा नव्हताच. त्याला कळलं ते गल्लीतल्या एका दोस्ताकडून, चहाच्या टपरीवर. तो तसाच माझ्याकडे आला. दारात उभा राहून म्हणाला, "सर, समदे म्हणायलेत म्या ढकललं. म्या खांदा सोडवून घ्यायलो होतो. मला एकदा इचारायचं तरी की ओ."

मला एकदा विचारायचं तरी. या पोराने सातवी-आठवीत माझ्याकडून पकड कशी सोडवायची ते शिकलं, कायद्याचं त्याला काही ठाऊक नाही. पण वकील ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात तो सगळा त्याच्या या एका वाक्यात आला.

आता समितीबद्दल. निकालावर तीन सह्या आहेत. पहिली सही त्या रात्री जिंकलेल्या संघाच्या मालकांची. दुसरी लीगच्या सचिवांची, ज्यांनी लेखी तक्रार दिली. तिसरी अध्यक्षांची, आणि नियमाप्रमाणे अपीलही अध्यक्षांकडेच करायचं, ५,००० रुपये भरून, जे अपील मान्य झालं तरी परत मिळत नाहीत. पोराला लिलावात २४,००० मिळाले होते. अर्धे आधी, अर्धे हंगाम संपल्यावर, आणि तो दुसरा अर्धा आता जप्त. या तिघांपैकी कुणाच्याही सचोटीवर मी बोट ठेवत नाही. पण ज्याच्या संघाला उद्याच्या लिलावात हा पोरगा समोर नको आहे, ज्याने तक्रार लिहिली आहे, आणि ज्याला स्वतःचीच सही चुकली की बरोबर हे ठरवायचं आहे, अशा तिघांनी कितीही मनापासून न्याय केला तरी तो न्याय आहे हे त्या पोराने का मानावं?

दुसरा आरोप अनधिकृत स्पर्धेचा. गावच्या यात्रेत तो खेळला, हे खरं आहे. आमच्याकडे यात्रा म्हटलं की कुस्त्यांचा फड आणि कबड्डी आलीच. यात्रा कमिटीचा फ्लेक्स मी मोबाइलवर बघितला. त्यावरची तारीख पोराने तुमच्या करारावर सही केली त्याच्या चार दिवस आधीची आहे. सही करण्याआधी तो तुमचा खेळाडूच नव्हता, मग परवानगी कुणाची काढायची होती? कदाचित माझं चुकत असेल, कदाचित तुमच्याकडे दुसरी एखादी तारीख असेल. पण हे दोन मिनिटांत उलगडलं असतं, समोर बसवून विचारलं असतं तर.

आता माझी स्वतःची गोष्ट. १९९४ साली एका तालुक्याच्या गावी मी पंच होतो. मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, आणि यजमान संघ हरत होता. शेवटच्या पकडीवर मी निर्णय दिला आणि यजमानांच्या कप्तानाने माझी गचांडी धरली. शर्टाची दोन बटणं तुटली, खिसा फाटला. घरी येऊन बायकोने तो शर्ट न बोलता पाण्यात टाकला, ते मला अजून आठवतं. मी जिल्ह्याच्या संघटनेकडे अर्ज केला : या माणसाला कायमचा बाद करा. सुनावणीला गेलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सचिवांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तक्रारदार. आता बाहेर बसा." मला तेव्हा इतकं लागलं, की मार खाल्लेला मी आणि बाहेरही मीच! आतमध्ये त्यांनी त्या कप्तानाला ऐकलं, दोन्ही रेषापंचांना ऐकलं, मैदान आखणाऱ्या माणसालाही बोलावलं. एका वर्षाची बंदी दिली आणि कारण लिहून दिलं. कप्तानाने ती मुकाट भोगली. वर्षाने परत आला तेव्हा पहिल्या सामन्याआधी माझ्या पाया पडला. मला हवी ती शिक्षा झाली नव्हती. पण त्याने ती मानली, मीही मानली, आणि त्या तालुक्यात पुन्हा कुणी पंचाच्या अंगावर गेलं नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या अर्ध्या तासाचं मोल मला पुढे कळलं.

तेव्हा ना लीग होती, ना लेटरहेड, ना वकील. एक मोडका पंखा आणि एक वही होती.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, मोठमोठ्या लीगमध्येही असंच चालतं. चालतं, आणि तिथे काय झालं तेही बघा. अमेरिकेच्या फुटबॉल लीगमध्ये जानेवारी २०१५ च्या एका बाद फेरीच्या सामन्यात चेंडूंत हवा कमी होती, म्हणून टॉम ब्रेडी या त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूला ४ सामन्यांची बंदी झाली. शिक्षा लीगची, आणि अपील ऐकायला बसले लीगचे आयुक्त रॉजर गुडेल स्वतः. त्यांनी बंदी कायम केली. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ती उडवली, एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने परत लावली. ब्रेडी ते ४ सामने बाहेर बसले. लीगचे लोक हा दाखला अभिमानाने देतात. पण वरच्या न्यायालयाने काय म्हटलं, तर आयुक्तांना हा अधिकार खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी वाटाघाटी करून, करारात लिहून दिला आहे, त्यामुळे आता त्यात आम्ही पडणार नाही. म्हणजे तिथे खेळाडूंची संघटना होती, वकील होते, आणि देवाणघेवाणीत त्यांनी हे कलम मान्य केलं होतं. पुढे २०२० च्या करारात तेही थोडं सैल झालं : वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत पहिला निकाल दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्याने द्यायचा, असं ठरलं. अपील मात्र आयुक्तांच्याच हाती राहिलं.

आमच्या पोरांनी कुणाशी वाटाघाटी केल्या? लिलाव मंगल कार्यालयात होता. बाहेर मांडवात एका टेबलावर सात पानी करारांचा गठ्ठा होता, इंग्रजीत. पोरं रांगेत उभी होती, एकेकाने येऊन शेवटच्या पानावर सही केली, टी-शर्ट घेतला, पुढे गेला. मी तिथे होतो. एकाही पोराने पान उलटलं नाही आणि कुणी उलटायला सांगितलंही नाही. त्यात कलम १४ आहे : लीगचा निर्णय अंतिम, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता परभणीला वकिली करतो, ते वाचून मला सांगितलं की भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम २८ म्हणतं, माणसाला न्यायालयाचं दार पूर्णपणे बंद करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला लवाद नेमता येतो, पण दारच बंद करता येत नाही. तुमच्या वकिलांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. मग ते कलम तिथे का आहे? ज्याला कायदा माहीत नाही तो घाबरून घरी बसावा, एवढ्यासाठीच ना?

आपल्याकडचे दाखलेही देतो. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीनंतर सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनसिंग यांना वर्णद्वेषी शिवीगाळ केल्याचं धरून ३ कसोटींची बंदी दिली. त्याचं अपील प्रॉक्टर यांच्याकडे परत गेलं नाही. न्यूझीलंडचे एक न्यायाधीश, जॉन हॅन्सन, यांच्यासमोर ते चाललं. त्यांनी पुरावा नव्याने तपासला, वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली, आणि शिवीगाळ झाली होती म्हणून सामन्याच्या मानधनाचा अर्धा दंड केला. खेळाडू पूर्ण सुटला नाही. जेवढं केलं तेवढ्याची शिक्षा झाली. मला या पोरासाठी याहून जास्त काही नको आहे.

श्रीशांत यांच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने हेच शब्दांत मांडलं. २०१३ च्या आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून त्यांना आजन्म बंदी झाली होती. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने दोषी धरण्याचा भाग तसाच ठेवला, पण आजन्म बंदीची शिक्षा रद्द केली आणि शिक्षा किती असावी याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी ती ७ वर्षांवर आणली. दोष आहे का, हा एक प्रश्न. दोषाला शिक्षा केवढी, हा दुसरा. तुमच्या नऊ ओळींत दुसऱ्या प्रश्नाला जागाच नाही. पिवळ्या कार्डाला २ मिनिटं, लाल कार्डाला उरलेला सामना, आणि त्यापुढे थेट २ वर्षं? मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? दोन सामने नाहीत, पाच सामने नाहीत, एक हंगाम नाही. खांदा झटकणारा आणि पंचाच्या तोंडात मारणारा, दोघांना एकच माप लावलं तर उद्या मारणारा म्हणेल, झटकलं तरी दोन वर्षं, मग मारलेलं काय वाईट?

आणि उशीर. मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी आली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली नोव्हेंबर २०१२ मध्ये. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. ते दोषी होते की नव्हते यात मी पडत नाही, मला फक्त ती बारा वर्षं दिसतात. कबड्डीतल्या चढाईपटूचे गुडघे तेवढी वर्षं टिकतच नाहीत. हा पोरगा २३ वर्षांचा आहे. परत येईल तेव्हा २५ चा असेल, दोन हंगाम मॅटवर पाय नसलेला, आणि मग त्याला लिलावात कोण घेणार?

बंदी तुमच्या लीगपुरती राहिलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? पत्राची एक प्रत जिल्ह्याच्या संघटनेकडे गेली. त्यांनी त्याला निवड चाचणीत उभंच केलं नाही. चाचणी नाही तर जिल्ह्याचा संघ नाही, जिल्ह्याचा संघ नाही तर राज्य स्पर्धा नाही, आणि राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी जे ५ टक्के आरक्षण आहे त्याची वाट त्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रातून जाते. तो दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय.

त्याच्या घरचं थोडं सांगतो, कारण शिक्षा कुणाला होते आहे हे शिक्षा देणाऱ्याने बघावं. आई-बाप बालाघाटातले, ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळी निघते, ती चैतात परतते. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत हा पोरगा थोरल्या भावाबरोबर अर्धा कोयता होऊन जायचा. यंदा लीगचा करार झाला म्हणून त्याने मुकादमाची उचल घेतली नाही. गाव अर्धं रिकामं झालेलं असताना तो म्हाताऱ्या आजीजवळ राहिला, पहाटे कॅनॉलच्या कडेने पळायचा, आणि दुपारी माझ्या शाळेच्या मैदानावर यायचा. मानधनाचा दुसरा हप्ता आजीच्या मोतीबिंदूसाठी ठेवला होता. तुम्ही तो जप्त केला. मैदानावर खांदा झटकल्याची भरपाई म्हणून आधीच खेळून झालेल्या अकरा सामन्यांचे पैसे का जावेत, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तुमच्या सचिवांनी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं : लीग खासगी आहे, ज्याला पटत नाही त्याने खेळू नये. खासगी असेल. पण सामने सरकारी क्रीडा संकुलात होतात, पंच आम्हीच आणि संघटनेचेच, आणि तुमची बंदी संघटनेच्या दारापर्यंत पोचते. एवढं सगळं सार्वजनिक असताना निकाल तेवढा खासगी कसा? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाला शासन मानायला नकार दिला, पण त्याच निकालात सांगितलं की अन्याय झालेल्याला उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. आपल्या कबड्डीत तर २०१८ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघाची निवडणूक रद्द करून प्रशासक नेमला. खेळ आपलाच आहे, वाटेल तसा चालवू, असं मानणाऱ्यांना त्या निकालाने उत्तर दिलं. गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे, महासंघांच्या कारभारात खेळाडूंना जागा आहे. तो तुमच्या लीगला थेट लागू नसेलही. पण देशाच्या पातळीवर जे कबूल झालंय ते आपल्या जिल्ह्यात करायला कायद्याची वाट का बघायची?

शिस्त मोडेल, ही भीती मला समजते. पंचांना संरक्षण हवं, हे माझ्याइतकं कुणाला पटणार? फाटका खिसा मी बघितलाय. पण पंचाला संरक्षण कशातून मिळतं? खेळाडूंना खात्री असली की आपलं ऐकलं जाईल, तर ते मैदानावर भांडत नाहीत. ऐकणारं कुणीच नाही असं वाटलं की सगळं भांडण त्या ३० सेकंदांच्या चढाईतच उरकून घेतात, आणि ते पंचाच्या अंगावर येतं. मॅटवर सरपंचाचा शब्द शेवटचा, तो तसाच राहू द्या. तिथे विचार करायला वेळ नसतो. सामना संपल्यावर खुर्चीत बसून दोन वर्षं काढून घ्यायची असतील तेव्हा मात्र घाई कशाची होती? एक रात्र उलटायच्या आत निकाल लिहून झाला होता.

माझं मागणं मोठं नाही. पोराला आरोप मराठीत लिहून त्याच्या हातात द्या, आठ दिवस द्या. ज्यांचा संघ लीगमध्ये आहे त्या कुणालाही त्या खोलीत बसवू नका. निकालाला दुसऱ्या जिल्ह्यातले एखादे जुने सरपंच, एक वकील आणि एक माजी खेळाडू बसवा. ती माजी खेळाडू बाई असेल तर फार बरं. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, मैदान कळणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. यूट्यूबवर त्या सामन्याचं पूर्ण चित्रण आहे, समितीने ते बघावं, फक्त मोबाइलवर फिरलेला नऊ सेकंदांचा तुकडा नको, त्यात सरपंचांची पाठ आणि पोराचा खांदा एवढंच दिसतं, टाच अडकलेली दिसत नाही. सरपंचांनाही विचारा. मी त्यांना भेटलो, ते मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, त्यांनी ते समितीसमोर बोलावं. अपील अध्यक्षांकडे नको, निकालात ज्याची सही नाही अशा माणसाकडे असू द्या, आणि ५,००० ची अट काढा. सुनावणी होईपर्यंत बंदी थांबवा, म्हणजे त्याचं नाव लिलावाच्या यादीत राहील. आणि जिल्हा संघटनेला एक ओळ कळवा की प्रकरण अजून निकाली निघालेलं नाही.

एवढं करून नव्या समितीला तो दोषी वाटला आणि तिने एक हंगाम दिला, तर मी स्वतः त्याला सांगेन की गप भोग. १९९४ च्या त्या कप्तानासारखा तो भोगेलही.

गुणपत्रकाची माझी प्रत माझ्याजवळ आहे. ३९व्या मिनिटासमोर मी पेन्सिलने लिहिलंय : 'मॅट जोड – उत्तर बाजू – मध्यंतरात कळवलं.' वेळ आणि सही आहे. बोलवाल त्या दिवशी, सांगाल त्या गावी घेऊन येतो. माझं म्हणणं लिहून घेतल्यावर मला बाहेर बसायला सांगा, मी बसेन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि कबड्डी पंच